टीव्हीवर चित्र आहे, पण आवाज नाही: दोष शोधायचा कसा?



लॅपटॉप टीव्हीला जोडून ग्राहकाला आपल्या मालाचा व्हिडिओ कसा दाखवायचा, ते आपण चॅनेलवर बघितलं. आज त्यातली सगळ्यात जास्त अडवणारी गोष्ट सावकाश घेऊ. केबल जोडली, टीव्हीवर चित्र झकास आलं, आणि आवाजाचा मात्र पत्ता नाही!

समजा, तुमचा कोल्हापुरी चपलांचा व्यवसाय आहे. दसरा चौकात शाहू स्मारक भवनात प्रदर्शन आहे आणि तुम्ही स्टॉल घेतलाय. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे "खरी कोल्हापुरी ओळखायची कशी?" असं विचारणारा ग्राहक येतोच. त्याचं उत्तर म्हणून तुम्ही तीन मिनिटांचा व्हिडिओ केलाय. कातडं कापणं, हाताची शिलाई, कारागिराचं बोलणं आणि शेवटी चालताना येणारा तो कर्रकर्र आवाज. आता हा व्हिडिओ मुका झाला तर उरलं काय? ग्राहक दोन मिनिटं थांबतो आणि पुढच्या स्टॉलवर जातो. स्टॉलचं भाडं मात्र तेवढंच भरायचं असतं.

अशा वेळी घाबरून माणूस काय करतो? केबल काढतो, घालतो. कुणीतरी सांगतं नवी केबल आणा, कुणी म्हणतं टीव्हीचा स्पीकर गेला. आणि खर्च सुरू होतो. खरं तर बहुतेक वेळा दोष सेटिंगचा असतो आणि तो फुकटात निघतो. फक्त शोधायचा क्रम बरोबर पाहिजे.

आधी आवाजाची वाट समजून घ्या

आपल्या कोल्हापूरला चित्र आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कधीपासून ठाऊक आहे. १९२९ साली इथं सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीनं आधी मूकपट काढले आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आणला. पडद्यावर चित्र दिसत होतंच, आवाजासाठी मात्र वेगळी यंत्रणा उभी करावी लागली.

कॉम्प्युटरमध्ये आजही तसंच आहे. चित्राची वाट वेगळी, आवाजाची वेगळी. एचडीएमआय केबल दोन्ही नेऊ शकते, पण आवाज त्या केबलमधून सोडायचा की लॅपटॉपच्या स्पीकरमधून, हे कॉम्प्युटर ठरवतो. म्हणून चित्र आलं म्हणजे आवाज येणारच, असं धरून चालायचं नाही.

आवाजाच्या वाटेवर पाच ठाणी आहेत:

१. व्हिडिओ किंवा तो चालवणारं अॅप
२. कॉम्प्युटरची आवाजाची सेटिंग
३. केबल
४. टीव्हीची सेटिंग
५. टीव्हीचा स्पीकर

आवाज यातल्या कुठल्या तरी एका ठाण्यावर अडकलाय. पाचही ठिकाणी एकदम हात घालू नका. आधी वाट अर्ध्यात तोडून बघू.

दोन चाचण्या, दोन मिनिटं

पहिली चाचणी टीव्हीची. रिमोटनं सोर्स बदला आणि केबलचं चॅनेल, सेट-टॉप बॉक्स किंवा टीव्हीतलंच यूट्यूब लावा. आवाज आला तर टीव्हीचा स्पीकर ठीक आहे. नाही आला तर टीव्ही म्यूटवर आहे का, आवाज शून्यावर आहे का, हेडफोनच्या भोकात एखादी पिन राहिली आहे का ते बघा. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'साउंड आउटपुट' हा पर्यायही उघडा. तिथं साउंडबार किंवा ब्लूटूथ निवडलेलं असेल तर ते बदलून 'टीव्ही स्पीकर' करा.

दुसरी चाचणी कॉम्प्युटरची. केबल काढा आणि तोच व्हिडिओ लॅपटॉपवर लावा. आवाज आला तर व्हिडिओ आणि कॉम्प्युटर दोन्ही ठीक. नाही आला तर टीव्हीला दोष देऊ नका, घोळ कॉम्प्युटरमध्ये किंवा व्हिडिओतच आहे.

दोन्ही पास झाले तर दोष मधल्या जोडणीत आहे. आता केबल परत जोडा, व्हिडिओ चालू ठेवा आणि कान देऊन ऐका. आवाज लॅपटॉपमधूनच येतोय? मग कॉम्प्युटर आवाज अजून स्वतःकडेच ठेवतोय. थेट पुढची पायरी करा. दोन्हीकडे शांतता? मग आवाज टीव्हीकडे निघालाय आणि वाटेत अडलाय, नाहीतर तिसरीकडेच चाललाय. कपाटातला ब्लूटूथ स्पीकर किंवा पिशवीतले इअरबड्स चालू राहिले, तर लॅपटॉप गुपचूप त्यांना जोडला जातो. आधी ते बंद करा.

पायरी १: आवाज कुठं पाठवायचा ते कॉम्प्युटरला सांगा

सगळ्यात जास्त वेळा गाडी इथंच अडते.

विंडोज ११ असेल तर खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा. आवाजाच्या पट्टीशेजारी एक छोटं चिन्ह दिसतं, त्यावर क्लिक केलं की आवाज बाहेर पडायच्या सगळ्या जागांची यादी उघडते. विंडोज १० मध्ये स्पीकरच्या चिन्हावर क्लिक केल्यावर वरच्या बाजूला सध्याच्या स्पीकरचं नाव आणि बाण दिसतो, तो दाबा. यादीत टीव्हीच्या कंपनीचं किंवा मॉडेलचं नाव असेल, बरोबर इंटेल, एनव्हिडिया किंवा एएमडी असंही काही लिहिलेलं असेल. ते निवडा. झालं!

निवडूनही आवाज आला नाही तर व्हिडिओ प्लेयर किंवा ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. काही अॅप जुन्याच जागेला धरून बसतात.

टीव्हीचं नाव यादीतच नसेल तर हा क्रम करा. टीव्ही चालू करा, रिमोटनं योग्य एचडीएमआय सोर्स निवडा, मग केबल जोडा. टीव्ही बंद असताना त्याचं नाव यादीत येईलच असं नाही. तरीही नसेल तर स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'साउंड सेटिंग्ज' उघडा. विंडोज ११ मध्ये 'मोअर साउंड सेटिंग्ज' आणि विंडोज १० मध्ये 'साउंड कंट्रोल पॅनेल' असा दुवा असतो. त्यातल्या 'प्लेबॅक' टॅबमध्ये मोकळ्या जागेवर राइट क्लिक करा आणि 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस' वर खूण करा. फिकट रंगात टीव्ही दिसला तर त्यावर राइट क्लिक करून 'एनेबल' आणि नंतर 'सेट अॅज डीफॉल्ट डिव्हाइस' करा.

अॅपल मॅक वापरणाऱ्यांनी 'सिस्टम सेटिंग्ज' मध्ये 'साउंड' आणि त्यात 'आउटपुट' उघडून टीव्ही निवडायचा. एचडीएमआयवर मॅकची आवाजाची बटणं बहुधा चालत नाहीत. आवाज टीव्हीच्या रिमोटनंच कमी-जास्त करा.

पायरी २: अॅपमध्ये डोकवा

व्हिडिओच्या खाली छोटा स्पीकर असतो, तो म्यूटवर नाही ना? ब्राउझरच्या टॅबवर राइट क्लिक करून बघा, 'अनम्यूट साइट' असं दिसलं तर ती साइटच गप्प केलेली आहे. विंडोजच्या 'व्हॉल्यूम मिक्सर' मध्ये प्रत्येक अॅपची वेगळी पट्टी असते. एकच पट्टी शून्यावर असली की बाकी सगळं वाजतं आणि आपला व्हिडिओ तेवढा मुका राहतो.

झूम किंवा गूगल मीटवर मीटिंग असेल तर त्या अॅपच्या आत स्पीकर वेगळा निवडावा लागतो. विंडोजमध्ये टीव्ही निवडलात म्हणून मीटिंगचा आवाज टीव्हीवर जाईलच असं नाही. समोरच्या ग्राहकाला तुमचा व्हिडिओ ऐकवायचा असेल तर झूममध्ये स्क्रीन शेअर करताना 'शेअर साउंड' वर खूण करायला विसरू नका.

पायरी ३: केबल आणि कन्व्हर्टर

इथं नीट लक्ष द्या, कारण खिसा रिकामा होतो तो याच पायरीवर.

जुन्या कॉम्प्युटरची निळी, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली व्हीजीए केबल फक्त चित्र नेते. आवाज त्यातून जातच नाही. कितीही सेटिंग बदला, नवी व्हीजीए केबल आणा, उपयोग शून्य. डीव्हीआयचंही जवळपास असंच आहे, त्यातून आवाज मिळेल यावर विसंबू नका.

यावर दोन उपाय आहेत. टीव्हीला व्हीजीए असेल तर शेजारी बहुधा 'पीसी ऑडिओ इन' असं लिहिलेलं छोटं गोल भोक असतं. कॉम्प्युटरच्या हेडफोनच्या भोकातून तिथं दोन्ही टोकांना पिन असलेली ऑक्स केबल जोडा. टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल तर व्हीजीए ते एचडीएमआय कन्व्हर्टर घ्या, पण दुकानात विचारून घ्या: "यात आवाजाची वायर आहे का?" आवाजासाठी वेगळं भोक किंवा वायर नसलेला कन्व्हर्टर चित्र देईल, आवाज देणार नाही. या दोन्ही उपायांत आवाज हेडफोनच्या भोकातून बाहेर पडतो. त्यामुळे पायरी १ मध्ये टीव्ही न निवडता कॉम्प्युटरचा स्पीकर किंवा हेडफोन निवडायचा.

ऑक्स केबल लावल्यावर 'घुंऽऽ' असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून बघा. घुंई थांबली तर दोष वीजजोडणीच्या अर्थिंगकडे आहे. स्टॉलवर एक्स्टेंशन बोर्ड वापरताना हे विशेष होतं. टीव्ही आणि लॅपटॉप एकाच बोर्डवर घेतल्यानं बऱ्याचदा फरक पडतो.

एचडीएमआय केबल असेल तर ती दोन्ही टोकांना पूर्ण आत बसवा आणि टीव्हीचं दुसरं एचडीएमआय भोक वापरून बघा. काही जुन्या टीव्हींत एक भोक डीव्हीआयसाठी राखलेलं असतं आणि तिथं आवाज वेगळ्या वायरनं लागतो. टीव्हीच्या सोर्स यादीत त्या भोकाला 'डीव्हीआय पीसी' असं नाव दिलेलं असेल तर तेही बदलून बघा. डेस्कटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डच्या भोकात लावा.

पायरी ४: ड्रायव्हर

इथपर्यंत काम झालं नाही तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. अनेकदा एवढ्यानंच भागतं. नाही भागलं तर 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' मध्ये पिवळं उद्गारचिन्ह आहे का बघा. एचडीएमआयचा आवाज ग्राफिक्सच्या ड्रायव्हरबरोबर येतो, हे ध्यानात ठेवा. म्हणून लॅपटॉप बनवणाऱ्या किंवा ग्राफिक्सच्या कंपनीच्या अधिकृत साइटवरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करा. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' असलं सॉफ्टवेअर कुठूनही उतरवू नका. त्याच लॅपटॉपवर तुमचे हिशेब आणि ग्राहकांचे नंबर असतात.

टीव्हीच्या स्पीकरमधून नुसता खरखराट येत असेल किंवा सिनेमातले संवाद गायब असतील, तर प्लेयरमधली ५.१ ची सेटिंग बदलून 'स्टीरिओ' करा. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'पीसीएम' चा पर्याय असेल तर तो निवडा.

आणि ग्राहक समोर उभा असेल तर?

तेव्हा दुरुस्ती नाही, धंदा! लॅपटॉपचा आवाज लॅपटॉपमधूनच वाजू द्या, नाहीतर ऑक्सनं किंवा ब्लूटूथनं छोटा स्पीकर जोडा. चित्र टीव्हीवर, आवाज स्पीकरवर. ग्राहकाला आवाज कुठून येतोय याच्याशी देणंघेणं नसतं. ब्लूटूथवर ओठ आणि शब्द थोडे मागेपुढे झाले तर ऑक्स वापरा. आणि कारागिराचं बोलणं खाली मराठीत लिहून आलं, तर गजबजलेल्या हॉलमध्ये आवाज चालू असतानाही त्याचा उपयोग होतो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी एवढं करा:

- तोच लॅपटॉप, तीच केबल आणि जमल्यास तोच टीव्ही जोडून पूर्ण व्हिडिओ एकदा ऐका. टीव्ही भाड्यानं येणार असेल तर त्याला कुठली भोकं आहेत याचा फोटो आधीच मागवा.
- व्हिडिओ लॅपटॉपमध्ये सेव्ह करा. हॉलमधल्या इंटरनेटवर विसंबू नका.
- पिशवीत एक जादा एचडीएमआय केबल, एक ऑक्स केबल, चार्ज केलेला छोटा स्पीकर आणि टीव्हीच्या रिमोटचे सेल ठेवा.
- पाच ठाण्यांची यादी कागदावर लिहून टीव्हीच्या मागं चिकटवा. तुम्ही जेवायला गेलात तर स्टॉलवरच्या मदतनीसालाही ती वाचून काम करता आलं पाहिजे.

आजच घरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडा आणि पायरी १ एकदा हातानं करून बघा. वाचून कळतं, पण हात बसतो तो करूनच. अडलात तर विचारताना तीन गोष्टी नक्की लिहा: केबल कुठली, विंडोज कुठली, आणि आवाज लॅपटॉपमधून येतो की कुठूनच येत नाही. एवढं सांगितलंत की निम्मं उत्तर तुम्हीच शोधलेलं असतं.