खोकी भरून झाली होती

शिकागोच्या दक्षिण भागातल्या त्या विटांच्या बंगल्यात मी शेवटचा गेलो, तेव्हा दिवाणखान्यात खोकी रचलेली होती. घरमालकीण सत्तरीच्या, एकट्या. दोन दिवसांनी क्लोजिंग, म्हणजे खरेदीखत, व्हायचं होतं आणि त्या लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. व्यवहार होणार नाही हे सांगायला मी आलो होतो. त्या म्हणाल्या, "पण हे घर तू घेतोयस ना?"

मी घेणार नव्हतोच. हे मी त्यांना पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

मी जे करत होतो त्याला अमेरिकेत होलसेलिंग म्हणतात. मोडकळीला आलेल्या घराच्या मालकाशी कमी भावात करार करायचा आणि क्लोजिंगच्या आत तो करारच एखाद्या गुंतवणूकदाराच्या नावे करून मधला फरक घ्यायचा. आमच्या सांगलीकडे इसारपावती करून, खरेदीखताआधीच जमीन पुढे फिरवणारे लोक मी लहानपणापासून पाहिले होते. त्यामुळे 2017 साली हे ऐकलं तेव्हा धंदा ओळखीचा वाटला, आणि ओळखीचा म्हणून सोपा.

त्या बंगल्याचा हिशेब कागदावर चोख होता. दुरुस्तीनंतर घराला 1,80,000 डॉलर येतील. गुंतवणूकदार त्याच्या सत्तर टक्के धरतो, म्हणजे 1,26,000. त्यातून दुरुस्तीचे 30,000 आणि माझे 8,000 वजा करून मी 88,000 ला सही केली. ते 30,000 मी खोल्यांतून फिरून, रंग, फरशी आणि स्वयंपाकघर बघून ठरवले होते. तळघरात उतरलो, पण नळ्यांकडे पाहिलंच नाही. जो पहिला अनुभवी गिऱ्हाईक आला, तो थेट तिथेच गेला. सांडपाण्याची जुनी मातीची नळी फुटलेली, वायरिंग कालबाह्य. त्याने खर्च 55,000 धरला. माझा एक पैसाही न धरता घर 71,000 च्या वर जात नव्हतं. आणखी दोघांनी तेच सांगितलं. त्यात पाणीपट्टीची थकबाकी निघाली. शिकागोत ती भरल्याचा दाखला नसेल तर हस्तांतरण अडतं, हे मला तेव्हा कळलं.

माझे इसाराचे 1,000 डॉलर गेले. त्यांचा दीड महिना गेला, ट्रकवाल्याला दिलेली आगाऊ रक्कम गेली. ती रक्कम मी नंतर भरून दिली. दीड महिना कुठून आणून देणार?

कुणी मराठी मुलगा या धंद्याबद्दल विचारायला आला की मी आधी गिऱ्हाइकांबद्दल बोलतो. मालकांना पत्रं टाकण्याआधी रोख पैसे असणारे तीन-चार खरेदीदार शोध, ते कुठल्या वस्तीत, कितीपर्यंत घेतात ते विचार, त्यांच्याबरोबर दोन-तीन घरांच्या तळघरांत उतर. दुरुस्तीचा अंदाज ठेकेदाराकडूनच घे. मालकी आणि थकबाकीचा शोध टायटल कंपनीकडून करार झाल्याच्या आठवड्यातच घे. एच-वन-बी व्हिसावर असशील तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय पहिलं पाऊलही टाकू नकोस; तो व्हिसा ज्या कंपनीच्या नावे आहे तिच्याच नोकरीसाठी असतो.

कायदाही आता पूर्वीसारखा सैल नाही. इलिनॉयने 2019 मध्ये नियम बदलले. बारा महिन्यांत असे एकाहून जास्त व्यवहार करायचे तर परवाना लागतो. ओक्लाहोमाने 2021 मध्ये खास कायदा केला. प्रत्येक राज्याचं वेगळं, म्हणून स्थानिक वकिलाची फी हा पहिला खर्च धरावा.

त्यानंतर मी अशा व्यवहारासाठी दोनच घरी गेलो, परवाना काढून. दोन्ही वेळा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आधी सांगितलं: घर मी घेणार नाही, घेणारा शोधणार आहे, मधले पैसे माझे असतील, आणि कुणी मिळालं नाही तर अमुक तारखेला तुम्ही मोकळे. एका आजोबांनी त्यावर दार दाखवलं. दुसऱ्या घरच्या बाईंनी ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतली आणि म्हणाल्या, तोवर मी काही बांधाबांध करत नाही.