डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावलीस, आता पुढे

चंद्रपूर

चि. बाळास,


तुझा फोटो मिळाला. ग्रामसभेच्या जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला म्हणून त्याची हार्ड डिस्क काढून तू दुसऱ्या कॉम्प्युटरला लावलीस आणि विंडोज 10 सुरूही झालं. आता अक्षरं अगडबंब दिसतात, आवाज नाही, नेट नाही, आणि त्यातच तेंदूची मजुरी वाटायची वेळ आली आहे. घाबरू नको. यात बिघाड असा बहुधा काहीच नाही. पण सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचं तू लिहिलंस, ते आधी डोक्यातून काढ. का ते सांगतो.

2009 मध्ये मेंढा (लेखा)ला सामूहिक वनहक्क मिळाला, 2012 मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या पाचगावला. पुढे कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदू स्वतः विकू लागल्या. तेंदूपानं जमा करायच्या फळीवर कोणी किती पुडे दिले, कोणाची मजुरी बाकी आहे, हा हिशेब एके काळी ठेकेदाराच्या वहीत असायचा. आज तो तुझ्या त्या डिस्कवर आहे. म्हणून ड्रायव्हरला हात लावण्याआधी हिशेबाचं सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरव. आणखी एका पेनड्राइव्हवर घेऊन तो अध्यक्षांच्या घरी ठेवायला दे.

आता झालंय काय ते समजून घे. कीबोर्ड, माउस, डिस्क यांच्यासाठी विंडोजकडे सर्वसाधारण ड्रायव्हर असतात, म्हणून ते सुरू झालं. स्क्रीनसाठीही एक कामचलाऊ ड्रायव्हर असतो, त्यामुळे चित्र दिसतं पण नीट दिसत नाही. डिस्कवर बाकीचे ड्रायव्हर आहेत ते जुन्या बोर्डाचे. नव्या बोर्डावरच्या चिप वेगळ्या, त्यांना ते ओळखत नाहीत. हीच डिस्क लावल्यावर निळा पडदा येऊन ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं दिसलं असतं, तर मी तुला आधी बायोसमध्ये साटाचा मोड पाहायला सांगितलं असतं. जुन्या कॉम्प्युटरवर एएचसीआय असेल तर इथेही तोच लागतो. ते संकट तुझ्यावर आलं नाही.

डिव्हाइस मॅनेजर उघड. पिवळं चिन्ह असलेल्या ओळीवर दोनदा क्लिक केलंस की बहुतेक कोड 28 दिसेल, म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. तिथे ‘अननोन डिव्हाइस’ लिहिलेलं पाहून अंदाजाने काहीही डाउनलोड करू नको. डिटेल्सच्या टॅबमध्ये जा, खालच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवड. चिप कोणाची आणि कोणती, ते तिथेच लिहिलेलं असतं. पहिला चार अक्षरांचा क्रमांक कंपनीचा: 8086 म्हणजे इंटेल, 10ईसी म्हणजे रियलटेक, 1002 म्हणजे एएमडी. दुसरा क्रमांक त्या चिपचा. दोन्ही वहीत जसेच्या तसे उतरव. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी दुसऱ्याच चिपचा ड्रायव्हर हाती येतो. ‘एसएम बस कंट्रोलर’ अशी ओळ असेल तर चिपसेटचा ड्रायव्हर राहिला आहे. ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ असेल तर बहुधा इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा.

क्रम असा ठेव: आधी चिपसेट, मग लॅन, त्यानंतर स्क्रीन आणि आवाज. प्रिंटर सगळ्यात शेवटी. लॅनचा ड्रायव्हर आणायला नेट लागतं आणि नेटला लॅनचा ड्रायव्हर लागतो, तिथे माणूस अडकतो. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू कर. अँड्रॉइड फोन असेल तर विंडोज 10 त्याला बहुधा स्वतःहून ओळखतं. टॉवरला रेंज मिळेल त्या वेळेला आधी लॅनचा ड्रायव्हर उतरवून घे, तो लहान असतो. सगळे ड्रायव्हर एका झटक्यात शोधून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर मात्र घेऊ नको. त्यांच्याबरोबर नको ते आत शिरतं आणि हिशेबाच्या कॉम्प्युटरवर ते परवडणारं नाही. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर मॉडेलचा नंबर टाकून मिळेल तेच घ्यायचं.

एवढं करूनही लॅन उठली नाही तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करून पाहा. लिनक्सच्या कर्नलमध्येच बहुतेक ड्रायव्हर असतात. तिथे नेट लागलं तर चिप धडधाकट आहे आणि दोष विंडोजच्या ड्रायव्हरचा, हे नक्की कळतं. डिस्कवर काही इन्स्टॉल करायचं नाही, फक्त पाहून बंद करायचं.

विंडोज बहुतेक अॅक्टिव्हेशन मागेल, कारण कॉम्प्युटरबरोबर आलेलं लायसन्स त्याच्या मदरबोर्डाशी बांधलेलं असतं. कोणी क्रॅक आणून देतो म्हणाला तर घेऊ नको. ग्रामसभेत ठराव घ्या आणि रीतसर विकत घ्या, पावती हिशेबात लावा. विंडोज 10 ला कंपनीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, हेही त्याच बैठकीत सांग. कोणतं घ्यायचं ते ठरवायला उपयोग होईल.

सगळं सुरळीत झालं की एक काम न विसरता कर. विंडोजमध्येच पीएनपीयुटिल नावाचा आदेश आहे. त्याला ‘एक्स्पोर्ट-ड्रायव्हर’ सांगितलं की बाहेरून बसवलेले सगळे ड्रायव्हर तो एका फोल्डरमध्ये काढून देतो. ते फोल्डर पेनड्राइव्हवर घे आणि त्यावर कॉम्प्युटरचं मॉडेल लिहून चिकटव. पर्लकोटा नदीला पूर आला की तुमचा भामरागडचा रस्ता बंद होतो. तेव्हा नेटही गेलं तर माझा फोन लागायचा नाही, तो पेनड्राइव्हच कामाला येईल. पुढे कधी डिस्क हलवायची झालीच तर नव्या बोर्डाचे ड्रायव्हर आधी त्यावर जमा कर, मगच स्क्रू काढ.

हार्डवेअर आयडीचे फोटो रेंज मिळेल तेव्हा पाठव. अक्षरं अस्पष्ट नकोत, एकेका ओळीचा वेगळा फोटो काढ. मी इथे ड्रायव्हर जुळवून पेनड्राइव्ह भरतो आणि अहेरीला जाणाऱ्या माणसाच्या हाती देतो. अहेरीहून तुझ्यापर्यंत कोण आणेल ते तू कळव. तोवर मजुरीची यादी हाताने लिहायला घ्या, लोकांना थांबवू नका.

आईला सांग, तिची औषधं घेऊन ठेवली आहेत, त्याच माणसाबरोबर येतील.

तुझा,
मामा