खरेदीखतापूर्वीचा वकील

घर, भूखंड किंवा शेतजमीन विकत घेणारा माणूस बहुधा दोनच गोष्टींची खात्री करून घेतो. सातबाऱ्यावर विक्रेत्याचे नाव आहे आणि दस्ताची रीतसर नोंदणी होणार आहे, एवढे कळले की तो निर्धास्त होतो. या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. परंतु त्यांपैकी एकीनेही विक्रेता हाच खरा मालक असल्याची हमी मिळत नाही. सातबारा हा मूलतः महसुली अभिलेख होय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार त्यातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, इतकेच. नोंदणीचेही तसेच आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये दुय्यम निबंधक दस्त नोंदवितो. मालकीचा निवाडा करीत नाही. विक्रेत्याने मालकी दाखविल्याखेरीज दस्त नाकारण्याची मुभा निबंधकास देणारा तमिळनाडूतील नियम सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये रद्दबातल ठरविला, तो याच भूमिकेतून. मालकी तपासून घेण्याची जबाबदारी अशा रीतीने खरेदीदारावरच येऊन पडते, आणि ती पार पाडण्यासाठी त्याला वकिलाची गरज असते.

व्यवहारात मात्र वकिलाची आठवण होते ती इसार दिल्यानंतर, खरेदीखताचा मसुदा लिहावयाच्या वेळी. तोवर विक्रेत्याच्या हाती रक्कम गेलेली असते. पुढे दोष आढळला तरी ‘आता एवढे पैसे अडकले आहेत’ या विचाराने खरेदीदार तो दोष पोटात घालून पुढे जातो. वकिलाचा सल्ला सर्वांत उपयोगी पडतो तो इसारपावतीवर सही होण्यापूर्वी.

वकील कोठे शोधावा?

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे. त्यामुळे चांगला वकील शोधावा लागतो तो विचारपूस करूनच. तालुक्याच्या न्यायालयातील वकील संघात दिवाणी कामे कोण पाहतो, जमिनीचे शोध कोण घेतो, हे सहज कळते. फौजदारी खटल्यांत नावाजलेला वकील फेरफार वाचण्यात तितकाच निष्णात असेल असे नाही. मुंबईत सॉलिसिटरांची जुनी परंपरा आहे. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा उत्तीर्ण झालेले हे वकील हस्तांतराच्या दस्तांसाठी विशेष ओळखले जातात. जिल्ह्याच्या ठिकाणी हेच काम अनुभवी दिवाणी वकील करतात. दस्त लिहून देणारे लेखनिक सर्वत्र असतात व त्यांचा हात मसुद्यावर चांगला बसलेला असतो. परंतु मालकी तपासणे हे त्यांचे काम नव्हे.

वकील कोणाचा आहे, हा प्रश्न त्याच्या अनुभवाइतकाच महत्त्वाचा आहे. ‘आमचेच वकील सगळे करून देतील, तुम्ही वेगळा खर्च कशाला करता?’ असे विक्रेता किंवा मध्यस्थ आपुलकीने सुचवितो. एकाच वकिलाने दोन्ही बाजू सांभाळल्यास वाद उद्भवताच तो कोणाच्याही उपयोगी पडत नाही. कर्ज देणाऱ्या बँकेचा वकीलही मालकी तपासतो, पण ती बँकेच्या तारणापुरती. तो अहवाल खरेदीदाराला उद्देशून लिहिलेला नसतो, आणि अनेकदा त्याच्या हातीही पडत नाही.

प्रथम भेटीतच तीन बाबी स्पष्ट करून घ्याव्यात. शोध किती वर्षांचा व कोणकोणत्या कार्यालयांत घेतला जाईल? अहवाल लेखी व सहीनिशी मिळेल काय? शुल्क किती, आणि त्यात काय अंतर्भूत आहे? वकिलाचे शुल्क, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी ही तिन्ही वेगवेगळी आहेत. ‘सगळे मिळून’ अशी एकच रक्कम रोखीने देण्याची पद्धत सोयीची वाटली तरी हितावह नाही. शासनाकडे भरावयाची रक्कम खरेदीदाराने स्वतःच्या नावाच्या ई-चलनाने भरावी.

शोध म्हणजे काय?

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील सूची क्रमांक २ मध्ये मिळकतीवर नोंदविलेल्या व्यवहारांचा माग लागतो. ही सूची कोणालाही पाहता येते. अलीकडच्या वर्षांचा शोध नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरही घेता येतो. साधारणतः ३० वर्षांचा शोध पुरेसा मानतात. गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत, मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे, तेवढीच आहे. ‘अमुक वर्षांचे सूचीखंड जीर्ण असल्याने पाहता आले नाहीत’ असे वाक्य अनेक अहवालांच्या अखेरीस बारीक अक्षरांत असते. ते वाचल्यावाचून अहवाल वाचला असे म्हणता येणार नाही. त्या वर्षांतील व्यवहारांचा माग फेरफारांतून काढावा लागतो.

सूचीत जे उमटत नाही त्याचा शोध अधिक कठीण. मूळ दस्त बँकेकडे ठेवून घेतलेले कर्ज हे त्याचे ठळक उदाहरण. अशा गहाणाची सूचना नोंदविण्याची तरतूद महाराष्ट्रात २०१३ पासून अमलात आली. त्यापूर्वीची कर्जे सूचीत सापडतीलच असे नाही. म्हणूनच जाणता वकील छायाप्रतींवर समाधान मानीत नाही. मूळ कागद पाहू द्या, असा आग्रह तो धरतो. ‘मूळ कागद हरवले’ हे उत्तर मिळाले तर व्यवहार तेथेच थांबवून चौकशी करणे श्रेयस्कर.

वारसांचा प्रश्न तर घरोघरचा. समजा, साताऱ्याजवळच्या एका गावातील भूखंड निवृत्त शिक्षक आपल्या भविष्य निर्वाह निधीच्या रकमेतून घेऊ पाहतात. सातबाऱ्यावर दोन भावांची नावे आहेत आणि दोघेही विकावयास राजी आहेत. वकील वारसनोंदीचा जुना फेरफार मागवितो, तेव्हा वडिलांना एक मुलगीही असल्याचे दिसते. तिने ‘हक्क सोडल्याचा’ जबाब महसुली दप्तरात दिला आहे, असे भाऊ सांगतात. हिंदू कुटुंबात मुलीला पित्याच्या मिळकतीत वारसाहक्क १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमापासून आहे. २००५ च्या दुरुस्तीने तर ती वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः सहदायाद झाली. हा हक्क केवळ जबाबाने सुटत नाही. नोंदविलेले हक्कसोडपत्र हवे. बहिणीची खरेदीखतावर सही घेतली की प्रश्न मिटतो. ती न घेता शिक्षकांनी घर बांधले, तर दहा वर्षांनंतरही तिच्या वाटपाच्या दाव्यात त्यांना उभे राहावे लागेल.

शेतजमिनीच्या बाबतीत विक्रेत्याला विकण्याचा अधिकार आहे काय, हाही प्रश्न असतो. भोगवटादार वर्ग २ ची जमीन, कुळकायद्याखाली मिळालेली जमीन, आदिवासी खातेदाराची जमीन यांच्या हस्तांतरावर निर्बंध आहेत. इतर हक्काच्या रकान्यातील एखादी छोटी ओळ संपूर्ण व्यवहार अडवू शकते.

वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस उपयुक्त खरी, पण तिच्यावर विसंबून राहू नये. मुदतीत हरकत आली नाही म्हणून कोणाचा हक्क नष्ट होत नाही. कुलमुखत्यारपत्रावर होणाऱ्या ‘विक्री’ने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. नव्या इमारतीतील सदनिका घेणाऱ्यास महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा मालकी अहवाल पाहावयास मिळतो. तेथे किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदणीकृत करारापूर्वी घेण्यास विकासकास मनाई आहे. तो अहवाल विकासकाच्या वकिलाचा असतो, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

विक्रेत्यालाही वकील हवा

पैसे घेणाऱ्याला कसली भीती, असा समज आहे. वास्तविक ‘संपूर्ण रक्कम मिळाली’ असे लिहून खरेदीखत नोंदविले आणि पुढच्या तारखेचे धनादेश वटले नाहीत, तर विक्रेता मोठ्या अडचणीत येतो. किंमत बाकी राहिली एवढ्याच कारणाने नोंदविलेले खरेदीखत रद्द होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निर्णय आहे. त्याला वसुलीचा दावा करावा लागतो. म्हणून प्रत्येक धनादेशाचा क्रमांक, तारीख व बँक दस्तात लिहावी आणि रक्कम खात्यात जमा झाल्यावरच ताबा व मूळ कागद द्यावेत. मिळकतीतील ज्ञात दोष खरेदीदारापासून न लपविण्याचे बंधन मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ ने विक्रेत्यावर घातले आहे. हे बंधन पाळल्याचा पुरावा राहावा, यासाठीही वकिलाची मदत होते.

वकिलाचे शुल्क न परवडणाऱ्या महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अन्य पात्र नागरिक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य सल्ला मिळू शकतो. याउलट, वकिलाने कामात गैरवर्तन केल्यास तक्रार महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेकडे करावी लागते; वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरविले आहे.

दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीस दाखल करावा लागतो. नोंदणीनंतरही वकिलाचे काम संपलेले नसते. फेरफाराची नोंद, त्यावरील नोटिशीची मुदत आणि नोंद प्रमाणित होणे, हे टप्पे बाकी असतात. सदनिकेच्या बाबतीत सहकारी संस्थेचे भागपत्र व मालमत्ता कराचे देयक नव्या नावावर व्हावे लागते. नव्या नावाचा उतारा हाती आल्यावर खरेदीदाराने शोध अहवाल, मूळ दस्त, पावत्या व सूची क्रमांक २ चा उतारा वकिलाकडून परत घेऊन एकत्र बांधून ठेवावा. पुढे ती मिळकत विकावयाची झाल्यास नव्या खरेदीदाराचा वकील प्रथम तेच दप्तर मागेल.