ती पोशाक की तो पोशाख?

प्रश्न : उर्दूत ‘यह पोशाक अच्छी है’ म्हणतात, आपण मात्र ‘हा पोशाख चांगला आहे’ म्हणतो. शब्द एकच, मग लिंग वेगळे कसे? मूळ शब्द कोणता?

उत्तर : शब्द मूळचा फारसी. ‘पोशीदन’ म्हणजे अंगावर घालणे, झाकणे, त्यापासून ‘पोशाक’. फारसीत नामांना व्याकरणिक लिंगच नाही. त्यामुळे शब्द घेणाऱ्या प्रत्येक भाषेने आपापल्या वळणाने लिंग ठरवले. उर्दूने तो स्त्रीलिंगी केला : एक पोशाक, अनेक पोशाकें, पोशाकों में. मराठीने ‘क’चा ‘ख’ केला आणि शब्द पुल्लिंगी मानला : तो पोशाख, ते पोशाख, पोशाखात. दोन्ही रूपे आपापल्या भाषेत शुद्धच आहेत. म्हणून उर्दू बोलताना ‘अच्छा पोशाक’ म्हणू नये आणि मराठीत ‘चांगली पोशाख’ लिहू नये.

उर्दूतला याच अर्थाचा ‘लिबास’ मात्र पुल्लिंगी. तो अरबी असून ल-ब-स या धातूपासून आला आहे. अनेकवचनातही ‘दो लिबास’ असेच रूप राहते. ‘में’, ‘से’ लागले की ‘लिबासों में’ होते.

‘पोशीदन’चे गोत आपल्या घरातही नांदते आहे. पलंग झाकतो तो पलंगपोस, पाय झाकतो तो पायपोस. ‘कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही’ म्हणताना आपण हाच फारसी धातू उच्चारत असतो. असे शब्द परके समजून टाळू नयेत. मराठीने त्यांना आपले व्याकरण देऊन कधीच आपलेसे केले आहे.