चाळिशी लागली, पण कोणाला?



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ८ (काही प्रतींत हाच श्लोक नववा असतो)

मागच्या आठवड्यात मुलीला ताप होता. रात्री अकरा वाजता औषधाची बाटली घेऊन डोस वाचायला लागलो, तर अक्षरं धूसर. बाटली थोडी लांब धरली, मग अजून लांब. लेक अंथरुणातून म्हणाली, "बाबा, तू आजोबांसारखं का करतोयस?" बायकोने बाटली काढून घेतली, डोस वाचला आणि म्हणाली, "चष्म्याचं किती महिने सांगतेय मी!"

तिचं बरोबर होतं. सहा महिने टाळत होतो. ऑफिसमध्ये फॉन्ट १२ वरून १६ केला, तेव्हा दोष मॉनिटरला दिला. कानाजवळचे पांढरे केस बाथरूमच्या लाइटवर ढकलले. वय ३९. पण आतून विचाराल तर मी अजून होस्टेलच्या कट्ट्यावर बसलेला तोच पोरगा आहे.

तुमच्यापैकी बरेच जण पंचविशीत असतील. "हे आपल्यासाठी नाही" असं वाटेल. पण आजचा श्लोक जास्त तुमच्यासाठीच आहे.

आतून तरुण वाटतं, ते खोटं आहे का?

नाही. दुसऱ्या अध्यायाच्या तेराव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात की बालपण, तारुण्य आणि म्हातारपण या देहाच्या अवस्था आहेत. देहात राहणारा मात्र तोच राहतो. सातवीत असताना आरशात पाहणारा जो होता, तोच आज पाहतोय. चित्र बदललं, पाहणारा बदलला नाही. म्हणून सत्तरीतले आजोबाही म्हणतात, "मन अजून तरुण आहे रे!"

चूक वाटण्यात नाही, ती चिकटवण्यात आहे. न बदलणं हा पाहणाऱ्याचा गुण, आणि तो आपण देहाला लावतो. मग "मी तोच आहे" याचा अर्थ आपण "अजून भरपूर वेळ आहे" असा काढतो.

श्लोक काय करायला सांगतो?

तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं येतात. अमानित्व, अहिंसा, क्षमा यांच्याबरोबर एक विचित्र वाटणारं लक्षण आहे: जन्म, मृत्यू, जरा, व्याधी यांतलं दुःख आणि दोष पाहणं. जरा म्हणजे म्हातारपण. शब्द आहे 'अनुदर्शन', म्हणजे पुन्हा पुन्हा, बारकाईने पाहणं. घाबरणं नाही आणि डोळे मिटणंही नाही.

आपल्या धंद्यातलं उदाहरण देतो. बिल्ड पास होतं, पण लॉगमध्ये वॉर्निंग येत राहते की हे फंक्शन पुढे बंद होणार आहे. आपण म्हणतो, चालतंय ना! आणि एका व्हर्जनला सगळं अडकतं. डोळ्यांचंही तसंच. डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता लहानपणापासूनच हळूहळू कमी होत असते. चाळिशीच्या आसपास फक्त ते आपल्याला कळतं. आपल्या भाषेत तर त्या चष्म्याचंच नाव 'चाळिशी'!

पंधराव्या वर्षी पाहिलेलं म्हातारपण

या एका श्लोकावर ज्ञानेश्वर माऊली थांबून बोलतात. आजचं भरलेलं शरीर उद्या वाळलेल्या काचरीसारखं होईल, असं म्हातारपणाचं चित्र ते काढतात. पुढचा सल्ला तर फार थेट आहे. कान आहेत तोवर ऐकून घे, पाय चालतात तोवर जाऊन ये, दृष्टी आहे तोवर पाहून घे.

ज्ञानेश्वरी नेवाशाला पूर्ण झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० ला. परंपरेने माऊलींचा जन्म १२७५ चा, म्हणजे तेव्हा वय साधारण १५. आणि १२९६ ला, एकविसाव्या वर्षी, संजीवन समाधी. म्हातारपण त्यांच्या वाट्याला आलंच नाही, तरी त्यांनी ते इतकं नीट पाहिलं. आणि मी ३९ व्या वर्षी बाटली लांब धरून म्हणत होतो, छपाई खराब आहे.

आप्पांची वारी

हे मला का लागलं, तेही सांगतो. आमचे आप्पा कायम म्हणायचे, "रिटायर झालो की आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालत जाणार." रिटायर झाले, आणि दोनच वर्षांत गुडघ्यांनी साथ सोडली. आता पालखी पुण्यात मुक्कामाला येते तेव्हा आम्ही त्यांना खुर्चीवर रस्त्याच्या कडेला बसवतो. ते हात जोडतात. पालखी पुढे गेली तरी बराच वेळ त्याच दिशेला बघत राहतात. मी काही बोलत नाही, कारण माझ्या कपाटातली ज्ञानेश्वरीही 'रिटायर झाल्यावर' याच फोल्डरमध्ये होती.

शनिवारी चष्मा आणला. रविवारी सकाळी तो लावून आप्पांसमोर बसलो आणि तेरावा अध्याय मोठ्याने वाचला. 'पाय चालतात तोवर' हे आलं तेव्हा माझा आवाज अडकला. आप्पा म्हणाले, "थांबू नकोस, वाच. माझे कान अजून चांगले आहेत."

आजचा सराव

१. देहाने दिलेली एक खूण आज नाव घेऊन मान्य करा. केस, कंबर, डोळे, झोप, काहीही. डॉक्टरकडे जायचं असेल तर जा, तोही अनुदर्शनाचाच भाग आहे.

२. "नंतर करू" म्हणून ठेवलेली साधनेतली एक गोष्ट लिहा आणि तिचा सगळ्यात लहान तुकडा आजच करा. एक ओवी चालेल, पाच मिनिटं नाम चालेल.

३. घरातल्या मोठ्यांना विचारा, "तुमचं काय राहून गेलं?" उत्तर शांतपणे ऐका. त्यातलं काही तुम्हाला त्यांच्यासाठी करता येईल.

पांडुरंगा, देह थकतोय हे दिसू दे आणि पाहणारा थकत नाही हे कळू दे. मधल्या वेळात तुझं नाव राहू दे.

राम कृष्ण हरी!