सालई वाळलेली नव्हती

मराठी विभागासाठी लेख मागायला मॅडम वर्गात आल्या, तेव्हा मी बेंचखाली लपायच्या बेतात होते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, घरात अर्धं इंग्रजी, आणि मराठी लिहिताना पहिली वेलांटी की दुसरी हा कायमचा घोळ. पण एक विषय मला मराठीतच सांगता येतो, कारण तो मी मराठीतच शिकले. शिकवणारी माझी आजी, तिची शाळा तिसरीपर्यंत. विषय जंगल. त्या विषयात मी एकदा सपशेल नापास झालेली आहे, आणि त्याची किंमत चार झाडांनी मोजली.

तर मित्रमैत्रिणींनो, सुरुवातीपासून सांगते.

हे जंगल आहे कुठे?

आपल्या होस्टेलपासून फार लांब नाही. छत्रपती संभाजीनगरहून धुळ्याच्या रस्त्याला लागलं की आधी वेरूळ लागतं, मग कन्नड. कन्नडच्या पुढे पठार एकदम संपतं आणि रस्ता घाटातून खाली चाळीसगावला उतरतो. हा औट्रम घाट. नाव पडलं जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यावरून. भिल्लांची पलटण उभी करण्यासाठी १८२५ मध्ये त्याला खानदेशात पाठवलं होतं. घाटाच्या आजूबाजूला पसरलेलं जंगल म्हणजे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य. ते १९८६ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र साधारण २६० चौरस किलोमीटर, काही आपल्या जिल्ह्यात, काही जळगाव जिल्ह्यात. बिबट्या, रोही, कोल्हे, मोर इथले रहिवासी. २०२१ मध्ये तर यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघही इथल्या कॅमेऱ्यात दिसला.

याच डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. त्यातली सर्वांत जुनी दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची. तिथे पायऱ्यांजवळ पाच फण्यांचा नाग कोरलेला आहे आणि त्याच्या फण्यांतून पाणी बाहेर पडावं म्हणून खडकात वाट खोदलेली आहे. खाली पायथ्याशी पाटणादेवी. तिथल्या पाटण गावी भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला होता. त्याचा शिलालेख इ.स. १२०७ चा आहे. म्हणजे गणित आणि हायड्रॉलिक्स दोन्ही या डोंगरात आपल्या कितीतरी आधी पोचलेले आहेत!

आणि सिव्हिलवाल्यांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट: सातमाळा-अजिंठ्याची ही रांग म्हणजे पाणलोटाची सीमा. दक्षिणेकडे पडलेला थेंब गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातो. उत्तरेकडे पडलेला गिरणा, मग तापी करत अरबी समुद्राला. छपराच्या आढ्यासारखं आहे हे, आणि त्या आढ्यावर जंगल उभं आहे.

अभयारण्याच्या हद्दीला लागूनच माझ्या काकांचं शेत आहे. खाली कपाशी आणि मका, मधे विहीर, आणि वर चढावर एक खडकाळ तुकडा. त्या तुकड्यावर सालई, धावडा, पळस, खाली सीताफळीची झुडपं. माझी गोष्ट या तुकड्याची आहे.

पुस्तकातलं वन आणि आमचं रान

शाळेत जॉग्रफीच्या पुस्तकात "पानझडी वन" म्हणून जे चित्र होतं, त्यात लाल-पिवळी पानं आणि मागे बर्फाचे डोंगर होते. मी ते पाठ केलं. थंडी आली की पानं गळतात, असं उत्तर लिहून पूर्ण मार्क मिळवले.

आपल्याकडे मात्र थंडीचा धाक नाही, तहानेचा आहे. गौताळ्याचं जंगल शुष्क पानझडी प्रकारचं. इथे पावसाळ्याचे चार महिने सोडले तर आभाळ कोरडं. पानांतून सतत पाणी उडून जातं, म्हणून पाणी संपत आलं की झाड पानंच टाकून देतं. महिन्याच्या शेवटी आपण कँटीन बंद करतो ना, तसंच. फेब्रुवारी ते मे या काळात बाहेरच्या माणसाला हे रान मेल्यासारखं दिसतं.

पण सगळी झाडं एकाच वेळी बंद होत नाहीत. पळस पानं टाकून फुलतो. अंजन थोडेच दिवस उघडा राहतो आणि ऐन उन्हाळ्यात त्याला कोवळी पालवी येते. सालई मात्र महिनोन्‌महिने निष्पर्ण असते. तिचा फुलोराही पानांशिवाय येतो. तिची साल हिरवट राखाडी, कागदासारखे पापुद्रे सुटणारी. चीर दिली की सुवासिक डिंक येतो, तोच धुपाला वापरतात.

हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा नव्हतं.

माझी चूक

फर्स्ट इयरची परीक्षा देऊन मी मे महिन्यात गावी गेले होते. काकांना वरच्या तुकड्यावर शेळ्यांसाठी शेड टाकायचं होतं. ते म्हणाले, "तू आता इंजिनियर होणार. बघ बरं, जागा कुठली धरावी?" मी ऐटीत चढावर गेले, टेप धरली आणि सांगितलं, "काका, ही चार झाडं तर वाळलेलीच आहेत. हीच काढा."

आजी तेव्हा तिच्या भावाकडे लग्नाला गेली होती. ती परत आली तोवर चारही सालई आडव्या झाल्या होत्या. खालची झुडपंही साफ केली होती. आजी चढ चढून वर आली. एका फांदीवर तिने नखानं साल खरवडली. आत ओलं, हिरवं.

"ही वाळल्याली न्हवती गं," ती म्हणाली. "निजली होती."

एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

कपाशीचे पैसे अडकले आणि शेड काही झालंच नाही. मोकळ्या चढावर शेळ्या चरत राहिल्या. जुलैत एका रात्री जोराचा पाऊस झाला आणि वरची माती ओघळीनं खाली आली. काही कपाशीत पसरली, बरीचशी विहिरीत गेली. गाळ काढायला यारी लावावी लागली. तो खर्च माझ्या सहा महिन्यांच्या मेसबिलाहून जास्त होता. काकांनी मला त्याबद्दल एक शब्दही ऐकवला नाही. काकूंकडून कळलं.

तीन कड्यांचा प्रयोग

थर्ड इयरला हायड्रॉलॉजी विषय आला. मिनी प्रोजेक्टसाठी बाकीचे ग्रुप कॅम्पसवर खड्डे करत होते. मी माझ्या ग्रुपला गावी नेलं. सोबत लॅबमधून सही करून घेतलेलं दुहेरी कड्याचं इन्फिल्ट्रोमीटर.

साधन सोपं आहे. एकात एक अशी दोन लोखंडी कडी जमिनीत ठोकायची आणि दोन्हींत पाणी भरायचं. बाहेरच्या कड्यातलं पाणी बाजूला पसरतं, त्यामुळे आतल्या कड्यातलं पाणी सरळ खाली मुरतं. त्याची पातळी किती वेगाने उतरते ते घड्याळ लावून मोजायचं. याला म्हणायचं मुरण्याचा वेग.

आम्ही तीन जागा निवडल्या: वरच्या शिल्लक झाडीखाली, सालई तोडलेल्या मोकळ्या जागी आणि खाली शेतात. झाडीखाली आधी पालापाचोळ्याचा थर, त्याखाली भुसभुशीत काळी माती, मुंग्या-वाळवीची भोकं, कुजलेल्या मुळांच्या नळ्या. तिथे आम्ही घागरीने पाणी ओतत राहिलो आणि जमीन पीत राहिली. माझी पार्टनर वैतागून म्हणाली, "याला तळ आहे का नाही?" मोकळ्या जागी उलटं. शेळ्यांच्या खुरांनी आणि थेंबांच्या माराने वरची माती चेपून तिची पापडी झाली होती. आम्ही काकूंकडे चहा पिऊन परत आलो तरी पाणी जवळजवळ तिथेच, त्यात आमचे चेहरे दिसत होते. नांगरलेलं शेत या दोन्हींच्या मधे.

आता खालचा भाग समजून घ्या. आपला सगळा प्रदेश म्हणजे लाव्ह्याच्या थरांचा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कठीण पाषाणात पाणी शिरत नाही. ते साठतं वरच्या मुरुमात, भेगांत आणि छिद्रांच्या थरात. त्या थराला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. ही टाकी फार मोठी नाही, पण काकांची विहीर तिच्यावरच चालते. टाकीचं झाकण म्हणजे वरची माती, आणि ते उघडं ठेवणारा म्हणजे पाला, मुळं आणि गवत. मी चार झाडं तोडायला सांगितली तेव्हा खरं तर ते झाकण लावून टाकलं होतं.

जरा हिशोब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २६० चौरस किलोमीटरवर तोच एक मिलिमीटर म्हणजे २६ कोटी लिटर! दहा हजार लिटरचे टँकर धरले तर २६ हजार टँकर. उन्हाळ्यात आपल्याकडे टँकर आला की बादल्या घेऊन कशी पळापळ होते ते आठवा, म्हणजे हा एक मिलिमीटर वाहून जाऊ देणं किती महाग आहे ते कळेल.

जंगल जादू करत नाही

इथे एक सावधगिरी. प्रोजेक्टच्या व्हायवात सरांनी विचारलं, "म्हणजे झाडं लावली की पूर येणार नाही?" मी जोरात "हो सर" म्हणाले आणि मार्क गेले.

३१ ऑगस्ट २०२१ ची गोष्ट घ्या. त्या पहाटेच्या अतिवृष्टीत याच घाटात दरडी कोसळल्या, रस्ता बंद पडला, आणि खाली चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला. जंगल तर होतं! पण मातीची पिण्याची एक मर्यादा असते. ती भरली की वरचं पाणी वाहणारच. शिवाय रस्त्यासाठी डोंगर उभा कापला की मुळांचा आधार तुटतो आणि भेगांत शिरलेलं पाणी खडकाला बाहेर ढकलतं. आणखी एक: झाडं स्वतःही पाणी पितात. म्हणून कुठेही, कसलंही झाड लावा हे उत्तर नाही. ज्या जागी जे झाड हजारो वर्षं तगलं, ते तिथे टिकवणं जास्त स्वस्त. खडकाळ चढावर सालई टिकते, कारण ती उन्हाळाभर पानंच ठेवत नाही. ज्याला मी मेलेपण समजले होते, ती तिची काटकसर होती.

माझ्या चार झाडांबद्दलही खरं तेच सांगते. विहीर गाळाने भरली ती फक्त चार खोडं गेली म्हणून नाही. झुडपं गेली, गवत गेलं, शेळ्या फिरल्या, सगळं मिळून झालं. पण सुरुवात माझ्या एका वाक्याने झाली.

पुढे काय झालं

सालईची जाड फांदी तोडून जमिनीत रोवली तर ती फुटते, हे आजीनेच सांगितलं. गेल्या जूनमध्ये, पाऊस पडायच्या आधी, मी आणि काकांनी शिल्लक झाडांच्या अकरा फांद्या चढावर रोवल्या. त्या पट्ट्यात शेळ्यांना बंदी केली, ओघळीत दगडांचे छोटे बांध घातले. दिवाळीत जाऊन पाहिलं. सात वाळल्या होत्या, या वेळी खरोखर. चार जगल्या. गवत मात्र गुडघ्याएवढं झालं होतं. आजीनं ते पाहिलं आणि "बरं झालं" एवढंच म्हणाली. माझं रिव्हॅल्युएशन पास झालं असं मी समजते.

तुमच्यासाठी गृहपाठ

एखाद्या रविवारी कन्नडची एस.टी. पकडा. नाक्यावर रीतसर नोंद करून जंगलात जा आणि पावसाळ्यातच नाही, मार्चमध्येही जा. विडी-काडी, प्लास्टिक घरी ठेवा. वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते. तेवढंही जमत नसेल तर होस्टेलच्या मागच्या पाच झाडांची मराठी नावं शिका. मेसच्या मावशींना आणि माळीकाकांना विचारा, त्यांना आपल्यापेक्षा नक्की जास्त माहिती असतं.

आणि उद्या साइट इंजिनियर झालात, "सर, हे झाड वाळलंय, काढू का?" असं कोणी विचारलं, तर सही करायच्या आधी नखानं जरा साल खरवडून बघा.