भारित मध्यक

इ. स. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नई शहराला पाणी पुरविणारे पूंडी, चोळावरम, रेड हिल्स व चेंबरमबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. जुलै महिन्यात जोलारपेट्टै येथून रेल्वेने पाणी आणावे लागले. टँकरभोवती रंगीबेरंगी प्लास्टिकच्या घागरींच्या, म्हणजे तेथील भाषेत ‘कुडम’च्या, रांगा लागल्या. अशा प्रसंगी टँकर नेमका कोठे उभा करावा, हा प्रश्न गणिताचाही ठरतो.

समजा, एका सरळ गल्लीत घरांचे पाच समूह आहेत. (आकडे कल्पित आहेत.) गल्लीच्या तोंडापासून त्यांचे अंतर आणि त्यांतील कुटुंबे अशी :

अ — ० मीटर — २० कुटुंबे
आ — १०० मीटर — ३५ कुटुंबे
इ — २०० मीटर — १५ कुटुंबे
ई — ४०० मीटर — १० कुटुंबे
उ — ९०० मीटर — २० कुटुंबे

पाच अंतरांचा साधा मध्यक २०० मीटर येतो, कारण क्रमाने मधला समूह ‘इ’ हा आहे. परंतु येथे पस्तीस कुटुंबांचा समूह आणि दहा कुटुंबांचा समूह यांना सारखेच महत्त्व मिळते. हा दोष टाळण्यासाठी प्रत्येक अंतराला तेथील कुटुंबसंख्येचा ‘भार’ द्यावयाचा. कृती सोपी आहे. अंतरे चढत्या क्रमाने मांडावीत. भारांची बेरीज करून तिची निमपट काढावी. मग पहिल्यापासून भार मिळवीत जावे. ज्या ठिकाणी ही संचित बेरीज निमपटीच्या पुढे जाते, ते मूल्य म्हणजे भारित मध्यक. येथे एकूण भार १००, निमपट ५०. संचित बेरजा २०, ५५, ७०, ८०, १०० अशा येतात. पन्नाशी ‘आ’पाशी ओलांडली जाते, म्हणून भारित मध्यक १०० मीटर होय. संचित बेरीज नेमकी निमपटीइतकी आली, तर ते मूल्य आणि त्यापुढील मूल्य यांमधील कोणतेही स्थान चालते. प्रघात म्हणून दोहोंची सरासरी घेतात.

या स्थानाचा विशेष कोणता? टँकर ‘आ’पाशी असता सर्व कुटुंबांची मिळून एका दिशेची चाल २२,५०० मीटर होते. तो ‘इ’कडे शंभर मीटर सरकविला, तर ५५ कुटुंबांना शंभर मीटर अधिक व ४५ कुटुंबांना तितकेच कमी चालावे लागेल, एकूण चाल १,००० मीटरने वाढेल. उलट ‘अ’कडे नेल्यास ती ६,००० मीटरने वाढेल. भारित सरासरी २८५ मीटर येते. तेथे टँकर ठेवल्यास चाल २६,९०० मीटर होईल. ‘उ’ समूह १,५०० मीटरवर असता, तर सरासरी ४०५ मीटरवर गेली असती. भारित मध्यक मात्र जागचा हलला नसता.

पण याच गुणात एक उणीव दडलेली आहे. ‘उ’मधील वीस कुटुंबांना भरल्या घागरी घेऊन ८०० मीटर चालावे लागते. एकूण श्रम किमान झाले, म्हणून प्रत्येकाला न्याय मिळाला असे नव्हे. शिवाय भार कशाचा धरावा, हेही आधी ठरवावे लागते. कुटुंबांऐवजी माणसे मोजली आणि ती अनुक्रमे ६०, १०५, ७५, ६० व १४० निघाली, तर एकूण ४४० ची निमपट २२० होईल. संचित बेरजा ६०, १६५, २४० अशा येत असल्याने टँकर ‘इ’पाशी जाईल. गल्ली तीच, घरे तीच. केवळ मोजण्याचे माप बदलले.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणासारख्या पाहणीतही निवडलेले प्रत्येक कुटुंब इतर अनेक कुटुंबांचे प्रतिनिधित्व करते व त्यानुसार त्याला भार दिला जातो. म्हणून मध्यक वाचताना तो कितवा आला, एवढेच पाहून भागत नाही. भार कोणाला किती दिला, हे वाचकाने प्रथम विचारावे.